हे उपकरण व्यवस्थित चालू आहे

माझा लॅपटॉप रात्री मिटतो तेव्हा ठणठणीत असतो आणि सकाळी उघडतो तेव्हा सुधारलेला असतो. या सुधारणेची मला फार धास्ती वाटते. परवानगी विचारत नाहीत असं नाही. विचारतात. पण विचारतात ते असं : आत्ता करू की रात्री करू? ‘करूच नका, आमचं बरं चाललंय’ असं म्हणायला जागा ठेवलेली नसते. मग माणूस ‘रात्री करा’ म्हणतो आणि झोपायला जातो.

सप्टेंबरमधली गोष्ट. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. हे पद मला कसं मिळालं त्यात सांगण्यासारखं काही नाही. निवड व्हायच्या सभेला मी उशिरा पोचलो, तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सेक्रेटरीला आजारी पडायची सोय नसते. त्याच्या लॅपटॉपला असते.

त्या सकाळी पडद्यावर बाण दिसत होता, पण हलत नव्हता. मी टचपॅडवर एक बोट फिरवलं, मग दोन फिरवली. मग रुमालाने पुसलं, चष्म्याच्या फडक्याने पुसलं, फुंकर मारली. बाण ध्यानस्थ.

‘अहो, काय घासताय एवढं?’ आतून आवाज आला.

‘बाण हलत नाहीये.’

‘मग बाहेरून माउस लावा की एखादा.’

संपूर्ण प्रकरणात मला मिळालेला हा एकमेव शहाणपणाचा सल्ला, म्हणूनच बहुधा तो चालला नाही. स्टेशनजवळच्या दुकानातून मी साडेतीनशे रुपयांचा माउस आणला. (हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो गाजला.) यूएसबीच्या पोर्टात खुपसला. माउस पालथा करून बघितला, तर पोटाखालचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. दुसऱ्या पोर्टात तेच, पलीकडच्या बाजूच्या तिसऱ्यातही तेच. टचपॅड गेला होता, पोर्टं गेली होती, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक हसरी सूचना होती : अपडेट यशस्वीरीत्या पूर्ण.

हे मी जिन्यात एका माणसाला सांगितलं. फक्त एका. दुपारच्या चहापर्यंत आमच्या हॉलमध्ये सोसायटीची गणपूर्ती होईल इतके लोक जमले होते. वार्षिक सभेला ही माणसं कधी येत नाहीत, अर्धा तास तहकूब करून मग ती घ्यावी लागते.

आमचे चेअरमन दारातूनच म्हणाले, ‘व्हायरस.’ त्यांना आत येऊन बघण्याची गरज वाटली नाही. खजिनदार म्हणाले, ‘फॉरमॅट मारा.’ फॉरमॅट मारा हा सल्ला देणाऱ्या माणसाचं त्या लॅपटॉपमध्ये काहीही नसतं, हे मी ताडून बघितलेलं आहे. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ‘आमच्या मुलाच्या लॅपटॉपचं अगदी अस्संच झालं होतं.’ सगळे आशेने त्यांच्याकडे वळले. ‘मग त्याने काय केलं?’ ‘नवीन घेतला.’

पण खरा ताबा घेतला तो तीनशेचारने. तीनशेचार म्हणजे फ्लॅट क्रमांक ३०४. गृहस्थ शाळेत पी.टी.चे शिक्षक होते आणि निवृत्त झाले तरी शिटी गळ्यात असल्यासारखेच बोलतात. त्यांनी आपल्या मोबाइलची वायर माझ्या पोर्टात घातली. मोबाइल चार्ज होऊ लागला.

‘पोर्ट चालू आहे!’ तीनशेचारांनी जाहीर केलं. ‘उगाच बदनामी करताय.’

आता यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. वीज येत राहते, म्हणून फोन चार्ज होतो; निरोप पोचत नाही, म्हणून माउस मेलेला राहतो. हे मला तेव्हा माहीत असतं तरी उपयोग नव्हता, कारण तीनशेचारांनी तोवर पेन ड्राइव्ह मागवला होता आणि तो सुलटा घातला, उलटा घातला, पुन्हा सुलटा घातला. ‘उलटा घालून बघितलात का?’ हे तर प्रत्येक नवा येणारा विचारतच होता. ज्यांनी यूएसबी घडवली त्यांतले प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. दोन्ही बाजूंनी जाणारं टोक करायचं तर तारा आणि सर्किटं दुप्पट लागली असती, खर्च वाढला असता, म्हणून तसं केलं नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. काटकसर मला समजू शकते. पण १९९६ पासून जगाने त्या काटकसरीपायी मनगटं किती वेळा फिरवली, त्याचा हिशेब आमच्या खजिनदारांकडे द्यायला हवा.

शेवटी मी हिंजवडीला भाच्याला फोन लावला.

‘मामा, कीबोर्ड चालतोय ना?’

‘चालतोय.’

‘मग काही बिघडलं नाही. विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाब, मग एम दाब.’

कीबोर्ड का चालत होता, हेही भाच्याने सांगितलं. टचपॅड आणि माउस नव्या वाटांनी येतात. माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड मात्र आतून अजूनही पीएस/२ म्हणून नोंदलेला आहे. ही पद्धत आयबीएमने १९८७ साली आणली. तिचं गोल भोक मशिनच्या अंगावरून केव्हाच बुजलं, आत मात्र ती टिकून आहे आणि नव्या मंडळींनी माना टाकल्या की हीच उभी राहते. हे ऐकून हॉलमधली सगळी ज्येष्ठ मंडळी ताठ बसली.

डिव्हाइस मॅनेजर उघडला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी : लॅपटॉपच्या पोटात जे जे आहे त्या सगळ्यांची ही हजेरीपुस्तिका. ज्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह, त्याचं काहीतरी बिनसलंय. माउसशिवाय तिथे फिरायचं म्हणजे बाणांची बटणं आणि टॅब. टॅब दाबला की निवड एक घर पुढे जाते. हवं ते घर आलं की बोट थांबत नाही. मग मागे यायचं तर शिफ्ट आणि टॅब, आणि मागे येतानाही ते घर निसटतं. मी ‘प्रॉपर्टीज’च्या आजूबाजूला इतका हिंडलो की वहिनींनी विचारलं, ‘पत्ता सापडत नाहीये का?’

टचपॅडचं नाव सापडलं. त्रिकोण नव्हता. आत जाऊन पाहिलं तर इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा भावार्थ : हे उपकरण व्यवस्थित चालू आहे.

मी पुन्हा टचपॅडवर बोट फिरवलं. बाण हलला नाही. वाक्यही हललं नाही. उभ्या आयुष्यात मी ज्या ज्या खिडक्यांसमोर रांगेत उभा राहिलो, त्या सगळ्यांचं सार या एका ओळीत उतरलं होतं.

‘मामा, टचपॅडकडे नको बघू. खाली सिस्टिम डिव्हाइसेसमध्ये जा. आयटूसी लिहिलेलं काही दिसतंय? त्रिकोण आहे?’

होता. सिरियल आयओ आयटूसी होस्ट कंट्रोलर अशा लांबलचक नावापुढे त्रिकोण होता, आणि त्या नावात टचपॅडचा मागमूससुद्धा नव्हता. टचपॅड धडधाकट होता. तो ज्या वाटेने बोलतो ती वाट अपडेटने मोडली होती. खरं तर सेक्रेटरी म्हणून हे माझ्या आधी लक्षात यायला हवं. दोनशेएकच्या छतातून पाणी टपकतं, दोनशेएकवाले बादली घेऊन माझ्याकडे येतात, आणि नहाणी फुटलेली असते तीनशेएकची. तीनशेएकवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात, आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे.

यूएसबीच्या रांगेतही त्रिकोण होते. प्रत्येकाच्या आत एक कोड. कोड १० म्हणजे हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. ते आम्हालाही दिसत होतं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच बसवलेला नाही. मला सगळ्यांत भावला तो कोड ४३. त्याचा अर्थ, या उपकरणाने अडचणी असल्याचं कळवलं म्हणून आम्ही ते बंद केलं आहे. तक्रार कोणाची? त्याचीच. कारवाई कोणावर? त्याच्यावरच. चेअरमन ही ओळ वाचून बराच वेळ विचारात पडले. सभेत प्रश्न विचारणाऱ्यांसाठी हा कोड उपविधीत घालता येईल का, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

‘अपडेट ड्रायव्हर’ केलं. मशिनने गोल गोल फिरून शोध घेतला आणि उत्तर दिलं : तुमच्या उपकरणासाठी सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे. ‘रोल बॅक’, म्हणजे कालचा ड्रायव्हर परत आणा, असंही एक बटण तिथे होतं, पण राखाडी रंगाचं. दाबता येणार नाही असं बटण दाखवायचं कशाला, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

इथवर निदान कीबोर्ड होता. पण भाच्याच्या आवाजात तरुणपणाचा जोर चढला. ‘मामा, सगळंच काढून टाकू. टचपॅड, यूएसबी, कीबोर्ड. अनइन्स्टॉल कर आणि रीस्टार्ट कर. मशिन उठलं की आपोआप सगळं शोधून परत बसवतं. ब्येस्ट उपाय.’

मशिन उठलं. पासवर्ड मागितला. कीबोर्ड चालेना.

आता काय गंमत झाली ते शांतपणे ऐका. कीबोर्ड चालत नसेल तर पासवर्डच्या पडद्यावर कोपऱ्यात एक छोटं चित्र असतं, त्यावर क्लिक केलं की पडद्यावरच कीबोर्ड उमटतो. क्लिक कशाने करायचं? माउसने. माउस कुठे लावायचा? यूएसबीत. ती बंद. मग बिनवायरचा, ब्लूटूथवाला माउस आणा, खजिनदार म्हणाले. तो जोडायला आधी आत शिरून ‘जोडा’ म्हणावं लागतं. आत शिरायला पासवर्ड. पासवर्डला कीबोर्ड. ‘थोडक्यात,’ चेअरमन म्हणाले, ‘अर्जासोबत अर्ज मंजूर झाल्याची प्रत जोडावी.’ हे त्यांचं त्या दिवसातलं सगळ्यांत उपयोगी वाक्य.

जुन्या मशिनवर एक सूचना यायची, कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. त्यावर लोक हसायचे. मला वाटतं, त्या सूचनेला वंश आहे. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीचे कीबोर्ड-माउस चालेनासे झाले होते. नेहमीच्या कामात चालायचे. मशिन बिघडल्यावर ज्या पडद्यावर जायचं, नेमके तिथे नाही. मायक्रोसॉफ्टने २० तारखेला खास वेगळं अपडेट काढून ते निस्तरलं. त्या आठवड्यात कामाला येणार होते ते पुन्हा आपले १९८७ वाले. आणि खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर, २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात, त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८ च्या मशिनला स्कॅनर जोडला तर भर सभागृहात निळा पडदा आला. म्हणूनच अजून हे बाजारात आणलेलं नाही, असं काहीतरी म्हणून गेट्स यांनी वेळ मारून नेली. मला तसं म्हणायची सोय नव्हती. माझी नोटीस बाजारात आणायची तारीख ठरलेली होती.

लॅपटॉप काखेत मारून मी स्टेशनजवळच्याच एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने तो उघडला नाही, फक्त उचलून वजन केल्यासारखा हातात धरला.

‘मदरबोर्ड गेलाय.’

‘बघितलं नाहीत अजून.’

‘कीबोर्ड गेला, टचपॅड गेला, पोर्ट गेले. तिन्ही एकदम कशाने जाणार? बारा हजार. डेटाची गॅरंटी नाही.’

पडलेल्या चेहऱ्याने मी जिना चढत असताना भाच्याचा फोन आला. दुकानदाराचं निदान ऐकून तो उसळला. ‘मामा, चालू करताना एफ-टू दाबत राहा. निळा-काळा पडदा येईल. तिथे बाणांची बटणं चालतात का सांग.’

चालत होती. मजेत चालत होती. त्या पडद्यावर, म्हणजे बायोसमध्ये, विंडोज अजून जागी झालेली नसते. तिचे ड्रायव्हरही झोपलेले असतात. तिथे कीबोर्ड चालला म्हणजे यंत्र शाबूत आहे, घोळ ड्रायव्हरचा आहे. ही परीक्षा फुकट आणि अर्ध्या मिनिटाची आहे. बारा हजारांच्या दुकानात ती का होत नाही, ते तुम्हीच ओळखा.

शनिवारी भाचा स्वतः यायचा होता. तोवर तीनशेचार गप्प बसतील हे शक्यच नव्हतं. ‘साठलेली वीज काढायची,’ ते म्हणाले. ‘चार्जर काढा, लॅपटॉप बंद, आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. मी मोजतो.’ हा उपाय खरोखरीच आहे, मी नंतर खात्री केली. मी बटण दाबलं. सरांनी मोजायला सुरुवात केली. ‘एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ! आठ, सात, सहा, पाच…’

पी.टी.त मोजणी आठपर्यंत जाते आणि उलटी फिरते. पस्तीस वर्षांची सवय. एकवर आले की पुन्हा दोन. माझा अंगठा पांढरा पडला. हॉलमध्ये आलेली दोन शाळकरी मुलं मोजणीच्या तालावर नकळत हात वर-खाली करू लागली होती. तीस काही आले नाहीत. शेवटी बायकोने आतून ‘विश्राम!’ म्हटलं तेव्हा सुटका झाली. लॅपटॉप सुरू केला. काहीही फरक नव्हता. ‘आता तो हळूहळू सुधारेल,’ सर म्हणाले.

भाचा आला. आधी जेवला, आमच्या बहिणीने तसं वळणच लावलंय. मग त्याने मशिन चालू केलं आणि ते उठतंय न उठतंय तोच बटण दाबून बंद पाडलं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. माझ्या पोटात कालवाकालव झाली. ‘असं केलं की त्यालाच वाटतं आपलं काहीतरी बिनसलंय,’ तो म्हणाला. ‘मग तो दुरुस्तीचा पडदा दाखवतो.’ खरंच दाखवला, आणि तिथे आमचा १९८७ वाला वंशज कामाला आला. सिस्टिम रीस्टोअर नावाच्या सोयीने भाच्याने मशिनला अपडेटच्या आदल्या दिवशी नेऊन ठेवलं. कीबोर्ड आला. टचपॅड आला. मी माउस पोर्टात घातला आणि पालथा केला. लाल दिवा लागला आणि लागलेला राहिला. घरात पेढे आणायची भाषा झाली.

रात्री लॅपटॉप मिटला. सकाळी उघडला. अपडेट यशस्वीरीत्या पूर्ण.

भाच्याचा चेहरा त्या क्षणी मी प्रथमच मामासारखा झालेला पाहिला. पण पोरगं जिद्दी. पुन्हा त्या आदल्या दिवशी नेलं, अपडेट काही आठवडे थांबवून ठेवलं, लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक घालून ड्रायव्हर उतरवले. (मी आदल्या दिवशी शोधायला गेलो तेव्हा मला ‘डाउनलोड’ लिहिलेली भलीमोठी हिरवी बटणं मिळाली होती, त्यांतल्या एकाने मला एका घोरण्यावरच्या औषधापर्यंत नेलं.) मग क्रम : आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग तो सिरियल आयओचा, मग टचपॅडचा. खालची वाट आधी, वरचं गिऱ्हाईक नंतर. प्रत्येक वेळी रीस्टार्ट. एवढं झालं, आणि मशिन गपगुमान चालायला लागलं. नोटीस मुदतीत निघाली.

बातमी फुटली तशी माणसं पुन्हा आली. चेअरमन म्हणाले, ‘गेला ना व्हायरस?’ खजिनदार म्हणाले, ‘म्हणजे अर्धं फॉरमॅटच केलंत.’ दुकानदार रस्त्यात भेटला, म्हणाला, ‘माझ्या हातात होता तेव्हाच जरा हलवला होता मी, लूज काँटॅक्ट असेल.’ वहिनींना थोडं वाईट वाटलं. त्यांच्या मते नवीन घेण्याची संधी गेली. तीनशेचार काही बोलले नाहीत. नुसते हसले आणि अंगठा वर केला. तो मला शुभेच्छेचा वाटला.

सभा वेळेवर झाली, म्हणजे गणपूर्तीअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने झाली. ताळेबंद पाच मिनिटांत मंजूर. लिफ्टची वार्षिक देखभाल, पाण्याची टाकी, दुरुस्ती निधी, सगळं हात वर करून मंजूर. मग अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय आला : सेक्रेटरींनी सोसायटीच्या कामासाठी आणलेल्या माउसचे रुपये ३५०. यावर चर्चा एक तास चालली. माउस हा खर्च की मालमत्ता? मालमत्ता असेल तर घसारा किती टक्के? बिलावर जीएसटी क्रमांक का नाही? लॅपटॉप सेक्रेटरींचा आणि माउस सोसायटीचा, तर बाण कोणाचा? हे विचारणारे गृहस्थ वकील आहेत.

इतिवृत्त मीच लिहिलं, त्यातला मजकूर जसाच्या तसा देतो : ‘सदर माउसची रक्कम मंजूर करण्यात येत आहे. माउस सोसायटीच्या कार्यालयातील कपाटात कुलूपबंद ठेवावा व सेक्रेटरींनी गरजेनुसार लेखी अर्ज करून न्यावा. ठराव बहुमताने मंजूर. विरोध एक : फ्लॅट क्र. ३०४. लॅपटॉप आपण मोजलेल्या तीस सेकंदांमुळेच सुरू झाला असल्याने माउसची मुळात आवश्यकता नव्हती, असे सदर सभासदांनी इतिवृत्तात नोंदवण्यास सांगितले.’